चार रकान्यांचं कार्ड

बिलट मंडल घरोघर जाऊन विजेचे मीटर वाचायचा. कोसी नदीकाठच्या त्या गावात लोक मीटरशी काय काय चाळे करतात ते बघून त्याला सगळं जगच लबाड वाटू लागलं होतं. कुत्री तेवढी सरळ. राग आला की चावून मोकळी. दोन वर्षांत दुसऱ्यांदा त्याच्या पोटरीचा लचका निघाला होता.

सरकारी दवाखान्यात पुतुल सिस्टरनं जखम साबणानं धुवायला लावली आणि विचारलं, "मागच्या वेळी सगळ्या सुया घेतल्या होत्या ना?"

"घेतल्या की!" त्यानं ठोकून दिलं.

"मग आता दोनच. एक आज, एक तीन दिवसांनी."

बाकावर बसलेल्या, कुत्रं चावलेल्या बाईला चार, वर जखमेत वेगळं औषध, आणि आपल्याला दोनच? उरलेला माल कुठं जाणार हे न कळायला बिलट काय काल जन्मला होता? तीन रात्री तो तळमळला. कुत्र्याच्या विषानं माणूस कसा पाण्याला भिऊन मरतो, ते त्यानं शेजारी पाहिलं होतं.

चौथ्या दिवशी तो मागच्या वेळचं सुयांचं कार्ड शोधून घेऊनच आला आणि भरल्या रांगेत ओरडला, "गरिबाला गंडवता काय? हे बघा, चार रकाने! माझ्या बाकीच्या सुया कुठं गेल्या?"

पुतुलनं कार्ड उलगडलं. पहिल्या रकान्यात सही होती. पुढचे तीन कोरे.

"तेच विचारते, बिलटभाऊ. कुठं गेल्या?"

बिलटचा आवाज खाली आला. "आईनं सात विहिरींत डोकावायला लावलं होतं. विष उतरतं म्हणाली. मग आलोच नाही."

"सात विहिरी आहेत तरी का गावात?"

"सहाच. सातवी बुजलीय. तिथं हातपंपाच्या तोंडात बघितलं."

रांगेत हसू फुटलं. पुतुल हसली नाही. "ज्याचा आधी पूर्ण कोर्स झालाय, त्यालाच दोन पुरतात. तुम्हाला चारही लागणार, आणि जखमेत औषधही. आज भांडायला आला नसता, तर दुसरी सुई घेऊन निवांत घरी गेला असता."

तिनं जखमेतल्या औषधाची बाटली काढली. दुधाच्या पिशवीवरचीसुद्धा तारीख दोनदा वाचणाऱ्या बिलटनं काही न बघता पाय पुढे केला.