निळ्या दारामागचं बिऱ्हाड

कड्यापलीकडच्या निळ्या दाराच्या घरात आमच्या जावईबापूंचं दुसरं बिऱ्हाड आहे, अशी कुजबुज गावात बरीच वर्षं होती. ती मी सुरू केली नव्हती. मी फक्त तिला अंगडं-टोपडं घातलं आणि चालायला शिकवलं.

जावईबापू म्हणजे माझ्या पुतणीचा नवरा. आता त्यानं गाडी विकलीय, म्हणून लिहायला हरकत नाही. किनाऱ्याच्या रस्त्यानं सहलीची गाडी हाकणं हा त्याचा धंदा. सकाळी प्रवासी भरायचे, काळ्या खडकांच्या कडेकडेनं दीपगृहापर्यंत न्यायचे, अंधाराच्या आत परत आणायचे. मधे एक उंच कडा लागतो. रस्ता त्याच्या अगदी काठानं जातो आणि खाली समुद्र नुसता उकळत असतो. कडा ओलांडला की हा निळ्या दारापाशी गाडी थांबवणार, "फोटो काढून घ्या" म्हणणार आणि आत गडप. बऱ्याच वेळानं तोंड धुऊन बाहेर.

कुजबुज शेवटी पुतणीच्या कानावर गेली. तिनं बॅग भरून दाराशी ठेवली आणि मला बोलावलं.

"काका, गावभर तुम्हीच सांगत फिरताय ना, मग तुम्हीच बघून या. खरं असेल तर मी उद्या आईकडे चालले."

"अगं, मी म्हातारा माणूस..."

"लोकांच्या खिडक्यांशी उभं राहताना नाही आठवत वय?"

गेलो. काळा चष्मा लावला, टोपी कपाळावर ओढली आणि मागच्या सीटवर अंग चोरून बसलो. जावयानं आरशात एकदा पाहिलं.

"काका, पुढे या. मागे मळमळेल तुम्हाला."

हात दाखवून अवलक्षण. आता पुढे जाणं म्हणजे हार, म्हणून मी मागेच बसलो. लाटा खडकांच्या फटींतून कारंज्यासारख्या उसळत होत्या, असं सगळे म्हणत होते. मला टोपीचं अस्तर तेवढं दिसलं. ती टोपी पुढे मी घातली नाही.

कड्यावर जावयाची वाटभर चाललेली शीळ बंद पडली.

"ते खाली पांढरे पक्षी कुठले हो?" कुणीतरी विचारलं.

"येताना बघू," तो डोंगराच्या भिंतीकडे बघत म्हणाला.

निळ्या दारापाशी मी त्याच्यामागे झोकांड्या खात आत शिरलो. माझ्याहून म्हातारी एक बाई लोकर विणत बसली होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुम्हीही त्यातलेच का? चटई एकच आहे."

चटईवर जावईबापू पालथे, दोन्ही हातांनी तिच्या कडा धरून.

"काका, गावात काय बोलतात ते ठाऊक आहे मला," तो डोकं न उचलता म्हणाला. "बाई आहे म्हणून कुणी तिकीट परत केलं नाही. हे कळलं तर गाडीत बसेल कोण?"

"आणि घरी बॅग भरून ठेवलीय तिचं काय?"

तेव्हा त्यानं डोकं उचललं. "कुठली बॅग?" मी सांगितलं तेव्हा म्हणाला, "तिला सांगा. पण तिला एकटीलाच."

एकट्यादुकट्याला काही सांगायची मला सवय नव्हती. तरी सांगितलं. पुतणीनं बॅग माळ्यावर टाकली.

तिच्या नवऱ्याला उंचीची भीती वाटते. कडा ओलांडला की त्याचे पाय लटपटतात आणि ते थांबेपर्यंत तो त्या म्हातारीच्या चटईवर पडून राहतो.