अस्के एका फोटोत

आमच्या तांबरमच्या घरमालकांइतका माणसं एकत्र आणणारा माणूस अख्ख्या चेन्नईत सापडायचा नाही. त्यातली निम्मी माणसं जन्मात एकमेकांना भेटलेली नसतात, एवढंच! बँकेतून निवृत्त झालेल्या या काकांना जावयाने लॅपटॉप दिला, त्यात फोटो जोडायचं सॉफ्टवेअर घालून दिलं, आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. 'आमचे अस्के एका फोटोत पाहिजेत,' हा त्यांचा ध्यास. तंजावरच्या मराठीत अस्के म्हणजे सगळे, हे मी पुण्याहून इथे नोकरीला आल्यावर त्यांच्याकडूनच शिकलो. पण सगळे म्हणजे किती सगळे? एका फोटोत काकांचे वडील ऐन पंचविशीत, आणि त्यांचा हात धरून पिकल्या केसांचे काका! 'काका, यात बाप कोण, मुलगा कोण?' 'नाक बघा की, कळेल!' नाक दोघांचं एकच, मग काय कळणार, कपाळ? कुणाची सावली डावीकडे, कुणाची उजवीकडे. एका मावशींना सावलीच नव्हती. तसं म्हटलं, तर म्हणाले, 'ती पहिल्यापासून बारीकच.'

परवा मात्र त्यांनी हळूच हाक मारली. धाकट्या मुलीच्या लग्नाचा फोटो फ्रेम करून आणला होता. नवरा-नवरी, काका-काकू, आणि नवरीच्या खांद्यावर हात ठेवून हसणारी थोरली. थोरली त्या लग्नाआधीच तापाने गेली होती. तिचा कॉलेजातला फोटो काकांनी असा बेमालूम बसवला होता, की या वेळी सगळ्यांच्या सावल्यासुद्धा एकाच बाजूला पडल्या होत्या.

'हा लावू कुठे?' काका म्हणाले. त्यांच्या घरी जिवंत माणसं हॉलमध्ये आणि गेलेली देवघरात, हार घालून. 'देवघरात लावला, तर हार धाकटीलाही पडेल. शिव शिव! हॉलमध्ये लावला, तर आमच्या हिला काय वाटेल?' हातात खिळा-हातोडी घेऊन ते दोन्ही खोल्यांत फेऱ्या मारत होते. मी विचारलं, 'काकूंना दाखवलात का?' 'भीती वाटते हो. रडली तर?'

तेवढ्यात हात पुसत काकू बाहेर आल्या आणि फोटोसमोर थबकल्या. काका खाली मान घालून पुटपुटले, 'नको असेल, तर काढून टाकतो तिला.'

'काढता कशाला?' काकू म्हणाल्या. 'बहिणीच्या लग्नाला आली आहे पोर. हॉलमध्ये लावा.'

काकांना खिळा काही सरळ ठोकता येईना. शेवटी मीच ठोकला.