मामंजींची दाढी

माझे अक्षर गिचमिड आहे, ऱ्हस्वदीर्घही चुकतात. माफी असावी. चौथीपर्यंतच शिकले.

त्या सकाळी न्हाऊन मागच्या दारी उभी होते. सासूबाई आल्या. माझे ओले केस मुठीत धरून पिळले.

"हे पाणी माझ्या लेकाला वर प्यावं लागतंय. लाज नाही?"

नवरा जाऊन तीन महिने झाले होते. विधवेच्या केसांतले पाणी परलोकी नवऱ्याला प्यावे लागते, असे म्हणत. केस उरले, कारण कल्याणच्या न्हाव्यांनी ठरवले होते की विधवेच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. त्यांच्या सभेत सर्वांत मोठ्या टाळ्या माझ्या सासऱ्यांनी, मामंजींनी, वाजवल्या. त्या टाळ्यांच्या भरवशावर मी झोपत होते.

मग काही घरांनी ठाण्याहून न्हावी आणला. दोन विधवांचे केस उतरवले. आमचे न्हावी भडकले. त्यांनी गावातल्या पुरुषांचीही हजामत बंद केली.

मामंजींची दाढी वाढली. त्यांच्या वडिलांचे श्राद्ध तोंडावर आले.

"बायकांपुरतं होतं तोवर ठीक," ते ओसरीवर ओरडले. "आता आमच्या हनुवटीशी खेळतात? माजलेत!"

टाळ्या वाजवणारे सगळे तसेच बोलू लागले. एका न्हाव्याच्या दारात कोणी शेण फेकले.

 मला राग आला, न्हाव्यांचाच. कुंपणापलीकडून न्हावीण चालली होती. तिला थांबवून कुजबुजले, "पुरुषांना कशाला अडवलंत गं? मामंजी आपल्या बाजूचे होते."

"बाजूचे?" ती हसली. "तो ठाणेकर आला तेव्हा कुणी वाट अडवली त्याची? टाळ्यांनी वस्तरा बोथट होतो व्हय, बाई?"



श्राद्धाआधी मामंजींनी त्याच ठाणेकराला बोलावले. रुपया आगाऊ दिला. आधी स्वतःची दाढी करून घेतली. मग पाटाकडे बोट केले.

"सूनबाई, बस. आलाच आहे तर दोन्ही उरकू."

 बसले. डोक्यावर तांब्या रिकामा झाला. दगडावर वस्तरा घासल्याचा आवाज. समोर मामंजींची गुळगुळीत हनुवटी.

मी पाते मुठीत धरले.

"नाही."

माझाच आवाज. पाटावर रक्त. न्हावी घाबरून उठला आणि रुपयासकट पळाला.

"तुझ्यापायी रुपया गेला," मामंजी म्हणाले. हाताकडे पाहिलेसुद्धा नाही.

"फेडीन."

पुढे पुरुषांच्या दाढ्या सुरू झाल्या. विधवांना आमचे न्हावी आजही हात लावत नाहीत. आता त्यांना टाळ्या कोणी वाजवत नाही. पायरीवर वहाणा वाजल्या की मात्र अजून दाराआडून डोकावते. दुसरा न्हावी आणला असेल तर?

जखम भरल्यावर तो रुपया फेडायला गोधड्या शिवल्या. न्हावीण गुपचूप विकून देई.

आज रुपयातली शेवटची पावली, चार आणे, मामंजींपुढे ठेवली.  मी म्हणाले, "तुमचा रुपया फिटला. पुन्हा न्हावी आणलात, तर पुन्हा पाते धरीन."

त्यांनी पावली उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि धोतराच्या कनवटीला लावली.