पासिर रिसचं झुलू जोडपं आणि माझा आगाऊपणा

सिंगापूरला जावं की नाही, हा माझा घोळ महिनाभर चालला होता. शेवटी धाकटी बहीण मधुरा फोनवर फणकारली, की ताई, जगाचे संसार सावरतेस, बहिणीचा कधी बघणार? मग काय, काढलं तिकीट.

चांगी विमानतळावरून टॅक्सीच्या फंदात पडू नका. एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, घ्या, तानाह मेराहला गाडी बदला, पासिर रिसला उतरा. मधुराचा फ्लॅट तिथून दहा मिनिटांवर. शेजारी नोम्सा आणि थेंबा, दक्षिण आफ्रिकेतल्या डरबानकडचं झुलू जोडपं. (त्यांना विचारूनच लिहितेय, नावं बदललीत.) मी विवाह समुपदेशक आहे हे मधुराने आधीच जाहीर करून टाकलेलं. थेंबाने बायकोला न विचारता इथली नोकरी दोन वर्षं वाढवून घेतली होती आणि नोम्साने रविवारचं परतीचं तिकीट काढलं होतं. एकटीचं.

दुसऱ्या दिवशी हॉकर सेंटर नावाच्या तिथल्या खाऊगल्लीत दीड डॉलरची कोपी, म्हणजे कॉफीच, पुढ्यात घेऊन मी माझं नेहमीचं अस्त्र काढलं. समोरासमोर बसा, डोळ्यांत बघा, मनातलं बोला. नोम्सा मान खाली घालून गप्प. हिला संसार टिकवायचाच नाही, असं निदान करून मी मोकळी. शहाणी मी.

संध्याकाळी समुद्राकाठी तीच बोलली. मोठ्या माणसासमोर, म्हणजे माझ्यासमोर, नवऱ्याला डोळ्याला डोळा भिडवून सुनावणं म्हणजे त्यांच्याकडे मर्यादा सोडणं.

"लोबोलाच्या, म्हणजे नवरीसाठी द्यायच्या गाई ठरवायला त्याचे काका आमच्या घरी आले होते," ती म्हणाली. "भांडणही त्यांच्यापुढेच मांडायचं असतं. तुम्ही आम्हाला एकटं पाडलंत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शनिवारी काकांना व्हिडिओ कॉल लावला. दोन्ही घराण्यांची नावं घेणं, सगळ्यांची ख्यालीखुशाली, यातच अर्धा तास गेला. मी चुळबुळत होते. मग ते म्हणाले, "बोल मुली. तुला मागायला मी आलो होतो, जबाबदारी माझी."

आणि ती घडाघडा बोलली, काकांशी.  नंतर काकांनी थेंबाची चांगलीच हजेरी घेतली. सगळेच काका असे नसतात. वडीलधाऱ्यांनी मोडलेले संसारही मी पाहिलेत.

रविवारी नोम्सा गेलीच. पण थेंबाही रजा टाकून बरोबर गेला, काकांपुढे बसायला. पुढचं त्यांचं त्यांना ठाऊक.

पुण्यात परतल्यावर सोमवारी पहिलं जोडपं आलं, त्यांची ही चौथी खेप, बरोबर नेहमीसारखी मुलीची आत्या. लग्न तिनेच जमवलेलं. वीस वर्षांच्या शिरस्त्याप्रमाणे मी तिला बाहेर बसवलं आणि दार लावता लावता थांबले. मुलीला विचारलं, आत्या आत हवीय का?

ती रडायलाच लागली. म्हणाली, "गेल्या तीन वेळा तुम्ही विचारलंच नाहीत."