म्वान्झाच्या किनाऱ्यावरचा काका

माझा भाऊ गेला तो रविवार होता. आम्हाला कळलं सोमवारी.

फर्स्ट शिफ्टला आला नाही म्हणून चाकणच्या कंपनीतून पप्पांना फोन आला. मग पिंपळे सौदागरच्या त्याच्या फ्लॅटचं दार तोडलं. झोपेतच हार्ट अटॅक. चाळिशीही गाठली नव्हती.

आज वर्ष झालं.

संध्याकाळी दिघीच्या घरी पुण्यानुमोदन आहे. आयकार्डसाठी काढलेला फोटो मोठा करून लावलाय. इतका गंभीर की या माणसाला मी कधी भेटलेच नाही असं वाटतं.

सगळे येतील आणि म्हणतील, मिलिंद फार शांत मुलगा होता.

शांत? मी त्याला कंबरभर पाण्यात उभं राहून बोंबलताना पाहिलंय.

तीन वर्षं तो टांझानियात होता. म्वान्झा, व्हिक्टोरिया लेकच्या काठावरचं शहर. आपल्याकडच्या बाइक्स तिकडं टॅक्सी म्हणून धावतात. त्या दुरुस्त करायचं ट्रेनिंग तिथल्या मेकॅनिकना द्यायला कंपनीनं त्याला पाठवलं होतं. कॉलेजला दिवाळीची सुट्टी लागली आणि मी त्याच्याकडं गेले.

"रविवारी बीचवर जाऊ," म्हणाला.

आई फोनवर होती. "तळ्याला कसला आलाय बीच? आणि मगरी असतात का ते आधी विचार."

तळं म्हणे! पलीकडचा काठच दिसत नव्हता. लाटा, वाळू, प्लास्टिकच्या खुर्च्या, अख्खा तळलेला मासा, स्पीकरवर गाणी, आणि फॅमिलीच्या फॅमिली पाण्यात. मी बोट बुडवून चव घेतली. खारट नाहीच!

"थुंक आधी!" दादा ओरडला. "आजारी पडशील, मग आई माझा जीव घेईल."

गंमत म्हणजे त्याच्या मेकॅनिकांचं आयुष्य त्या काठावर गेलेलं, पण पोहायला एकालाही येत नव्हतं.

दादा शिकला होता मामाच्या विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. तिथं डबा कुठून आणायचा? पठ्ठ्यानं वर्कशॉपमधले ऑइलचे रिकामे कॅन घासूनपुसून आणले, झाकणं घट्ट लावली आणि दोरीनं एकेकाच्या पाठीला बांधले.

दणकट बाप्ये, पाठीवर ऑइलचे कॅन. आणि मागून हा चक्क मराठीत, "पाय मार! अरे पाय मार लेका!"

त्यांना बरोब्बर कळायचं. किनाऱ्यावर चिप्स विकणारी बाईसुद्धा "पाय मार" ओरडायची.

सगळे त्याला काका म्हणत होते. मी म्हटलं, "एवढ्यात काका झालास?"

"अगं, स्वाहिलीत काका म्हणजे भाऊ."

मग बोटीत बसलो. बोट जरा कलली आणि मी घाबरून त्या मिशीवाल्या बोटवाल्याला म्हटलं, "ओ दादा, हळू घ्या ना!"

अख्खी बोट फुटली हसून.

"दादा म्हणजे बहीण," भावानं सांगितलं. "त्या मिशीवाल्याला तू ताई म्हणालीस."

झालं! त्या दिवसापासून त्या गँगनं मला दादा करून टाकलं. "दादा, चल पाण्यात. दादा, मासा खा." आमच्या घरी मिलिंदला आईपप्पासुद्धा दादाच म्हणायचे, त्यामुळं दर हाकेला आम्ही दोघं वळून बघायचो. तो तर हसून हसून वाळूत आडवा झाला होता.

मग इकडं प्रमोशन मिळालं. पप्पा म्हणाले, "बास झालं आता, परत ये." तो आला.

आई म्हणाली, "सुटला बिचारा. परक्या मुलखात एकटा जीव."

नव्या सोसायटीत स्विमिंग पूल होता. तो एकदाच गेला. वेळ ठरलेली, टोपी कंपल्सरी, आरडाओरडा करायचा नाही.

तिकडून रोज व्हिडिओ कॉल यायचा. इथं आल्यावर तो बंद झाला, कारण आता जवळच राहतो ना. शिफ्ट, ट्रॅफिक, "या रविवारी नक्की येतो."

एकदा मी विचारलं, "करमतं का रे तिथं?"

"करमतं की. एसी आहे."

म्वान्झाला एखाद्या रविवारी काका बीचवर दिसला नसता, तर दुपारच्या आत ती गँग त्याच्या दारावर धडकली असती. वर्षभर हेच माझ्या डोक्यात आहे. कुणाशी बोलू? तिथला तो फक्त मलाच माहीत.

आज सकाळी तिकडून त्या गँगचा व्हॉइस मेसेज आला. खुर्च्या लावता लावता मी स्पीकरवर लावला. मागे लाटांचा आवाज.

"दादा... दादा... पोले साना, दादा."

फार वाईट वाटतंय, ताई. एवढाच अर्थ.

आई स्वयंपाकघरातून धावत आली, हातातला झारा तसाच. "कोण हाक मारतंय गं दादाला?"

मी मेसेज थांबवला. मग सगळंच सांगितलं. बोट, मिशीवाला, काका, ऑइलचे कॅन. आई पदर तोंडाला लावून हसली आणि हसता हसता रडायला लागली. पप्पा भिंतीला टेकून ऐकत होते. वर्षभरात दादाबद्दल त्यांनी अवाक्षर काढलेलं नव्हतं.

आज काढलं. "म्हणजे तिकडं एकटा नव्हता ना गं तो?"

"नाही पप्पा. तिकडं नव्हता."

त्यांनी समाधानानं मान हलवली. मग मधेच थांबले. माझ्याकडं बघत राहिले.

मी पुढची खुर्ची लावायला घेतली.

नंतर त्यांनी एक खुर्ची उचलली, दादाच्या फोटोला अगदी खेटून ठेवली आणि तिच्यावर जाऊन बसले. आई जेवायला बोलावतेय, तरी उठत नाहीयेत.

जय भीम, दादा.