काशिनाथमामांची चार गावं

सकाळचे सव्वाअकरा. फार्मसी कॉलेजच्या मागच्या इमारतीतलं प्राणिगृह. दारात उभे राहून काशिनाथमामा नोटीस वाचत होते. ‘आपल्या निष्काळजीपणामुळे उंदरांचा वंश बिघडला. सात दिवसांत खुलासा करा, अन्यथा सेवा समाप्त.’

वाचून झाल्यावर त्यांनी कागदाची घडी खिशात घातली आणि पाण्याच्या बाटल्या भरायला घेतल्या. म्हणाले, "उंदरांना कुठं नोटीस आलीय? त्यांना तहान लागतीच की."

शहरातल्या कॉलेजांच्या बातम्या करता करता माझे केस पांढरे झाले. या प्राणिगृहाची बातमी एकदाच छापली, ती मीच. किस्से मात्र वहीच्या समासात साचत राहिले. आता समासात जागा नाही आणि माझ्यात दम नाही. गुलमंडीत चहाला जमणारे मित्र म्हणतात, "तुझ्या उंदरांचं सांग, हसू येतं." सांगतो. हसा खुशाल, पण अर्ध्यातून उठू नका.

*

औषधांच्या प्रयोगांना लागणारे पांढरे उंदीर इथं वाढवतात. सगळे सारखे दिसतात. एकाच घरात जोड्या लागत गेल्या तर पुढची पिल्लं कमजोर निघतात आणि प्रयोग फुकट जातो. म्हणून मामांनी उंदरांची चार घराणी केली आणि त्यांना गावांची नावं दिली: कन्नड, पिशोर, वेरूळ, फुलंब्री. मामा स्वतः कन्नडचे. शेपटीवर शाईच्या रेघा. रंग जन्मगावाचा, कन्नडचा लाल. नराला एक रेघ, मादीला दोन.

नियम एकच. नर वयात आला की जोडीसाठी पुढच्या गावी जाणार, मादी आपल्याच गावात राहणार.

मी म्हणालो, "मामा, म्हणजे तुमच्याकडं सगळेच घरजावई?"

"व्हय. म्हणून तर सासू-सुनंचं भांडण नाय इथं."

*

शेजारी मंगल कार्यालय आहे. एका दुपारी तिथं डीजे लागला. आवाजानं बिथरलेली मादी स्वतःची पिल्लं खाते. मामा तडक मांडवात शिरले आणि नवरदेवाच्या मावशीला हात जोडले. "बाई, आमच्याकडं बाळंतीण हाय. आवाज कमी करायला सांगा."

मावशीनं डीजे बंदच करायला लावला. वर चौकशी केली, "कुठली हो पोरगी?"

"कन्नडची."

"मुलगा की मुलगी?"

"पाच मुलं, सहा मुली."

मावशी खाली बसली म्हणतात. जाताना तिनं डिंकाचे लाडू बांधून दिले. मामांनी ते बाळंतिणीला चारले नाहीत, आम्ही खाल्ले.

*

नर पुढच्या गावी पाठवायचा म्हणजे ऑफिसच्या भाषेत ‘अंतर्गत हस्तांतरण’. फॉर्म एक, सह्या तीन. मामांनी एकदा एका तरण्याबांड नराचा फॉर्म नियमानुसार वर पाठवला. एक सही रजेवर, दुसरी मीटिंगमध्ये, तिसरीनं विचारलं, ‘सदर उंदराची संमती घेतली का?’ हे थट्टेनं लिहिलं होतं की खरंच, आजतागायत कळलेलं नाही.

मंजुरी आली तेव्हा उंदीर म्हातारा झाला होता. मामांनी तो कागद त्याच्या पिंजऱ्याला लावला. "मंजुरी हाय, पर आता नवरदेवाचीच इच्छा नाय."

तेव्हापासून मामा कुणाला विचारत नाहीत. दोनशे पानी वहीत चारही गावांच्या सोयरिकी लिहून ठेवतात. कुणाचा बाप कोण, आजी कोण, सगळं. ही वही अधिकृत नाही, असं नोटिशीत खास नमूद केलंय. अधिकृत कुठली, हे नमूद नाही.

*

याच उंदरांवर प्रज्ञा पीएचडी करते. उस्मानपुऱ्यात घर, घराण्यातली पहिली डॉक्टर होणारी मुलगी. आई तिला रोज टोमणा मारते, "उंदरांच्या सोयरिकी जुळवतीस, स्वतःची कधी जुळवणार?"

प्रज्ञा म्हणते, "काशिनाथमामांइतकी चौकशी करणारा मध्यस्थ आण, मग बघू."

*

मग तपासणी समिती आली.

समितीला नव्या पिंजऱ्यांची चकचकीत रांग दिसायला हवी होती. उंदीर जुन्या पिंजऱ्यांत होते. सकाळीच मामांना सांगण्यात आलं, "तुम्ही आज आत थांबू नका. गणवेश नाही तुम्हाला, बरं दिसत नाही." मामांनी गणवेश मागितल्याचे तीन अर्ज माझ्याकडं आहेत.

दुपारी मामांना आत सोडलं. सगळे उंदीर नव्या पिंजऱ्यांत होते, दिसेल त्याला दिसेल तिथं टाकलेले. मामांनी संध्याकाळपर्यंत शेपट्या बघून एकेकाला आपापल्या गावी पोचवलं. पण एक सकाळ पुरते. उंदराची मादी बावीस दिवसांनी विते. बाविसाव्या दिवशी कन्नडच्या माद्या व्यायल्या, ज्यांची जोडी मामांनी लावलीच नव्हती. बाप कोण, वहीत नाही. प्रज्ञाच्या प्रयोगाची पुढची तुकडी याच गावातून निघायची होती. तेविसाव्या दिवशी नोटीस निघाली. मामांच्या नावानं.

समितीच्या दिवशी एकही पिंजरा उघडला नव्हता, असं कॉलेजच्या संचालकांचं म्हणणं.

प्रज्ञा माझ्या टेबलाशी आली, हातात आमच्याच पेपरचं कात्रण. बातमी माझी, मथळा माझा: ‘आदर्श प्राणिगृहाची समितीकडून प्रशंसा’. फोटोत संचालक हसत एक नवा पिंजरा उचलून धरतायत. तिनं भिंग पुढं केलं. "सर, शेपट्या बघा." एका पिंजऱ्यात दोन उंदीर. एकाच्या शेपटीवर एक लाल रेघ. दुसऱ्याच्या शेपटीवर दोन. लाल.

मी ते कात्रण घेऊन संचालकांकडं गेलो. विचारलं, "हे दोन एका पिंजऱ्यात कुणी ठेवले?"

त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं. म्हणाले, "फोटो छान आलाय."

खुलाशाचा उद्या सातवा दिवस. त्या फोटोत मामाही आहेत. संचालकांच्या खांद्यामागं, बंद खिडकीच्या बाहेर, काचेला हात लावून.