चंद्रावरून बाळकुमला

ठाणे, कल्याण, डोंबिवली आणि आसपासच्या सर्व नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, चंद्रावरचा दिवा यापुढे कोण सांभाळणार, याचा निर्णय अद्याप झालेला नाही. त्या दिव्याचे पृथ्वीवरील एकमेव अधिकृत प्रतिनिधी श्री. काशिनाथ, मुक्काम बाळकुम, तालुका ठाणे, गेल्या महिन्यात निवर्तले असून, त्यांची जागा भरण्यास लायक उमेदवार उपलब्ध नाही... माझ्या आधी जायची पाळी त्याची नसती, तर माझ्यासाठी असलंच निवेदन त्याने तयार केलं असतं आणि ते वाचताना अर्ध्यावर स्वतःच खो-खो हसत सुटला असता. माझं अर्ध्यावर वेगळंच काहीतरी होतंय. म्हणून पुढचं साध्या भाषेत लिहितो.

त्याच्या मुलीचा, रूपालीचा फोन आला तेव्हा मी डोंबिवलीच्या बाजारात गवार निवडत होतो. बाबा पहाटे गेले, एवढंच ती बोलली. मी बरं म्हणालो. गवार घेतली, घरी आलो, वर्तमानपत्र पसरून सगळी गवार मोडली, शिरा काढल्या, आणि मग बायकोला सांगितलं. ती म्हणाली, अहो, आधी नाही का सांगायचं. कसं सांगणार? आमच्या दोघांतल्या गोष्टी सांगायचं काम कायम काशाकडे होतं. मी फक्त मधे मधे चुका काढायचो.

ठाण्याच्या कॉलेजात तो माझ्या मागच्या बाकावर बसायचा. त्याच्या घरची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या मिठागरात राबलेली, थोडी भातशेती. आमच्याकडे तीन पिढ्या पगारी नोकऱ्या. पहिल्याच आठवड्यात त्याने माझं नाव रद्द करून मला ‘डोंबिवली’ म्हणायला सुरुवात केली ती शेवटपर्यंत. पुढे त्यांच्या जमिनीवर इमारती उठल्या, त्याने रेती-विटांचा धंदा केला, आपल्याच शेतावरच्या इमारतीत सातव्या मजल्यावर राहायला गेला. पण त्याची एक खोड बदलली नाही. कुणीही त्याच्या घरून निघालं की तासाभरात त्याचा फोन... पोचलास का? पोचलो म्हटल्याशिवाय तो जेवायला बसायचा नाही. मोबाइल नव्हते तेव्हा तो सरळ स्कूटर काढून डोंबिवलीपर्यंत सोडायलाच यायचा, आणि मग त्याच्या घरचे तो पोचला का म्हणून जागे राहायचे.

तर तो चित्रपट. कल्याणच्या एका जुन्या थेटरात सकाळच्या खेळाला इंग्रजी चित्रपट लागायचे. मूळ नाव काय होतं देव जाणे, बाहेर रंगवलेल्या फलकावर ‘चाँद का पहरेदार’ असं लिहिलेलं. चंद्रावर एक दीपगृह आहे, येणाऱ्या-जाणाऱ्या यानांना वाट दाखवायला. तिथे एक माणूस एकटा दिवा सांभाळतो. त्याची मुदत संपलीय, घरी बायको वाट बघतेय, त्याला न्यायला यान आलंय, आणि नेमका तेव्हाच दिवा बिघडतो. गोष्ट एवढीच. चंद्र पुठ्ठ्याचा होता हे आम्हाला मागच्या रांगेतूनही कळत होतं. यानाला बांधलेली दोरी दिसत होती. त्या माणसाचं शिरस्त्राण आणि काशाच्या काकांचं स्कूटरचं हेल्मेट यांत फारसा फरक नव्हता. पण त्या चित्रपटात एक भयंकर शांतता होती. माणूस बोलायचा, त्याचे ओठ हलायचे, आणि काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. आम्ही थरारून गेलो होतो.

तेव्हा एकच प्रिंट दोन थेटरांत चालवायची पद्धत होती. शहाडकडच्या थेटरात खेळ आधी सुरू व्हायचा; तिथे एक रीळ दाखवून झालं की ते पत्र्याच्या डब्यात घालून एक माणूस सायकलवरून कल्याणला आणायचा. त्या दिवशी शेवटचं रीळ आलंच नाही. पहारेकरी दिव्याच्या खोलीपाशी येतो, कडीला हात घालतो, दार उघडतं, पांढराशुभ्र उजेड पडद्यावर पसरतो... आणि पसरलेलाच राहतो. थोड्या वेळाने दिवे लागले, दरवाजे उघडले. इंग्रजी चित्रपट असाच संपत असणार, असं सर्वांनी समजुतीने मान्य केलं. मागच्या एका गृहस्थांनी टाळ्याही वाजवल्या. मी अत्यंत बुद्धिमान चेहरा करून काशाला म्हणालो, ह्याला म्हणतात शेवट, सगळं प्रेक्षकांवर सोडलंय. बाहेर आलो तर फाटकात एक घामाघूम माणूस पंक्चर झालेली सायकल ढकलत येत होता. कॅरिअरवर गोल डबा. काशाने विचारलं, ह्यात काय?

“शेवट,” तो म्हणाला.

मग काय होतं शेवटी, असं काशाने त्याला विचारलं. तो म्हणाला, मी थोडाच बघतो, मी फक्त नेतो.

मी पोट धरून हसत होतो. काशा हसत नव्हता. एक माणूस चंद्रावर दाराच्या कडीला हात घालून उभा आहे आणि तो घरी पोचला की नाही ते कुणालाच माहीत नाही, हे त्याला सहन होईना. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बघावं, तर चित्रपट बदललेला. शेवटी त्याने स्वतःच शेवट तयार केला. त्याच्या शेवटात पहारेकरी दिवा दुरुस्त करतो, यानात बसतो, आणि यान थेट बाळकुमच्या खाडीत उतरतं. भरती-ओहोटीचा हिशेब चुकल्यामुळे बिचारा गुडघाभर चिखलातून, मिठागराच्या बांधावरून चालत येतो, हातात ते हेल्मेट. दारात बायको पाय धुवायला पाणी देते. मग भाकरी आणि सुकट. सुकट खाताना तो काय म्हणतो, हे काशा दरवेळी वेगळं सांगायचा. उन्हाळ्यात वीज गेली की त्यांच्या ओट्यावर अर्धी आळी जमायची आणि फर्माईश व्हायची. तो हेल्मेट घालून सांगायचा. चंद्रावर कमी वजनाने कसं चालतात, ते त्याच्यासारख्या आडव्या देहाच्या माणसाने करून दाखवलेलं ज्यांनी पाहिलं, त्यांनी विज्ञान पाहिलं.

मंदावहिनी लग्न होऊन आल्या त्या शहाडहून. पहिले काही दिवस संध्याकाळ झाली की माहेरच्या आठवणीने रडत बसायच्या. ह्या गृहस्थाने नव्या नवरीची समजूत काढायला काय करावं? हेल्मेट घातलं आणि चित्रपट सांगितला. वर म्हणाला, तो चंद्रावरून घरी आला, शहाड काय लांब आहे? तेव्हापासून ती गोष्ट वहिनींची झाली. बाळंतपणात, तापात, सासू गेली तेव्हा... त्या म्हणायच्या, सांगा बघू. आणि तो सांगायचा, अगदी सुकटीपर्यंत.

पुढे मला डोंबिवलीतल्या एका व्हिडिओ लायब्ररीत त्या चित्रपटाची कॅसेट सापडली. एकट्याने बसून पाहिली. पहिला धक्का म्हणजे त्यात सगळे संवाद ऐकू येत होते. आम्ही ज्याला दिग्दर्शकाची शांतता समजत होतो, तो कल्याणच्या थेटरातला बिघडलेला स्पीकर होता. दुसरा धक्का शेवटाचा. दिवा पेटता राहायला कुणीतरी आतून खटका दाबून धरावा लागतो. पहारेकरी तो धरून उभा राहतो. यान त्याच्याशिवाय निघून जातं. संपलं. मी ही गंमत सांगायला उड्या मारत बाळकुमला गेलो. काशा मला घेऊन गच्चीवर गेला, सगळं ऐकलं, नीट बघितलंस ना म्हणून दोनदा विचारलं. मग खाडीकडे बघत म्हणाला, “डोंबिवली, घरान बोलू नको.”

मी कधीच बोललो नाही. माझ्यासारख्या माणसाने तोंड मिटून ठेवलेली ही बहुधा एकमेव गोष्ट.

दोनेक महिन्यांपूर्वी बातमी आली की तो चित्रपट नव्याने काढलाय. काशा तेव्हा ठाण्यात एका रुग्णालयात होता, छातीचं दुखणं बळावलेलं. रूपालीने मोबाइलवर झलक दाखवली. त्याने ती तीनदा पाहिली आणि निकाल दिला की चंद्र इतका चकचकीत आहे की घोडबंदर रोडवरच्या नव्या टॉवरची जाहिरात वाटते, आता म्हणतील मॉड्युलर किचनपण आहे. दिव्याला बटणं किती, विचारलं. शेकडो दिसतायत म्हटल्यावर म्हणाला, मग हा दिवा बिघडलेला बरा. एवढ्या शिव्या घालून वर वहिनींना वचन दिलं की बरा झालो की तुला दाखवायला नेणार. चाळीसेक वर्षं नुसतं ऐकतेयस, एकदा बघ.

दिवसकार्य झालं त्या दुपारी वहिनी मला म्हणाल्या, “भावजी, त्या सिनेमाला मला न्याल? ह्यांनी ह्या वेळी शेवट सांगितलाच नाही.” मग हळूहळू कळलं. रुग्णालयात त्यांनीच म्हटलं होतं, सांगा बघू. हेल्मेट नव्हतं, नाकावर ऑक्सिजनचा मास्क होता. तेच हेल्मेट समज म्हणाला. दोन वाक्यं, मग दम खायचा, पुन्हा दोन वाक्यं. पहारेकरी दारापाशी आला, कडीला हात घातला... आणि त्याला तपासणीला न्यायला माणसं आली. तिथून आणला तो सरळ अतिदक्षता विभागात. त्यानंतर बोलणं झालं नाही.

आता माझी अवस्था ऐका. आयुष्यभर मी जुन्याचा कट्टर भक्त. जुन्या चित्रपटांना हात लावणाऱ्यांना मी चारचौघांत, लग्नाच्या पंगतीतसुद्धा, फाडून खाल्लेलं आहे. आणि आता मी मनोमन हात जोडून विनवत होतो की बाबांनो, मूळ कलाकृतीची पार वाट लावलेली असू द्या. शेवट तर ओळखूच येऊ देऊ नका. त्याला आणा हो परत. वहिनींना आधी सांगून टाकावं, असं दोनदा मनात आलं. पण गच्चीवर दिलेला शब्द होता, आणि ज्याला दिला तो आता सोडवायला नव्हता.

ठाण्याच्या मल्टिप्लेक्समध्ये दुपारचा खेळ. रूपाली, वहिनी आणि मी. सुरुवातीपासून माझी आशा वाढत गेली, कारण त्यांनी एकेक करून सगळं बदललेलं होतं. चंद्र निळसर. दोरी गायब. पहारेकरी धट्टाकट्टा, आणि त्याला एक दुःखी बालपण दिलेलं. दर वीस मिनिटांनी ते आठवून तो खिडकीबाहेर बघायचा. आमच्या पहारेकऱ्याला बालपणच नव्हतं. त्याला नोकरी होती आणि घरी जायचं होतं, दुःखाला तेवढं पुरत होतं. नव्यात स्फोट झाले, खुर्च्या हादरल्या, वहिनींनी माझ्या मनगटाला धरलं. जुन्यापेक्षा सगळं खरं दिसत होतं आणि कशावरच विश्वास बसत नव्हता. हेच मी काशाला बाहेर आल्यावर म्हणालो असतो, आणि तो म्हणाला असता, तुझं वय झालं, डोंबिवली. ही तुलना मी आता करायची कुणाशी? तो पांढरा पडदा बघितलेली दोनच माणसं माझ्या ओळखीची, त्यातला एक मी.

आणि मग शेवट आला. सगळं बदलणाऱ्या त्या मंडळींनी नेमकी तेवढी एकच गोष्ट, जुन्याला मुजरा म्हणून, जशीच्या तशी ठेवली होती. तेच दार. तीच कडी. तोच पांढरा उजेड. पहारेकऱ्याने खटका दाबून धरला. मी वहिनींकडे बघायचं टाळलं. यान उचललं गेलं, लहान होत गेलं, ठिपका झालं, आणि या खेपेला स्पीकर शाबूत असताना दिग्दर्शकाने सगळे आवाज काढून घेतले. माझ्या मनगटावरचा हात सुटला. वहिनी उभ्या राहिल्या होत्या.

माझ्याशी त्या कायम शुद्ध, जपून बोलतात. तेव्हा त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. पडद्यावर एकट्या उरलेल्या त्या माणसाकडे बघत, मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात, त्या म्हणाल्या...

“आमचे घरान तं यो परत येतं.”